माईकच्या खोलीतला हीटसिंक

काकांची हयात इन्व्हर्टर आणि यूपीएस दुरुस्त करण्यात गेली. पुतणी नागपुरात, भाड्याच्या फ्लॅटमधल्या एका लहान खोलीत ऑडिओबुकचं वाचन रेकॉर्ड करते. तिने नवा संगणक जुळवायला घेतला आहे: एएमडीचा रायझन ५ ७६०० प्रोसेसर आणि एएम५ सॉकेटचा बोर्ड. प्रोसेसरच्या डब्यात कंपनीचा रेथ स्टेल्थ हीटसिंक आला आहे, आणि काकांनी माळ्यावरून आपला जुना टॉवर हीटसिंक काढून आणला आहे. मायक्रोफोनपासून चार फुटांवर पंख्याची घरघर चालणार नाही, यावर दोघांचं एकमत आहे. ती थांबवायची कशी, इथे मात्र रस्ते वेगळे होतात. काकांचा भरवसा धातूवर. पुतणीचं म्हणणं, उष्णता मुळात कमी निर्माण होऊ द्या. हा वाद मला मोलाचा वाटतो, कारण दुकानात हीटसिंक घेताना आपण पंख्यातले दिवे बघतो, डब्यावरचा वॉटचा आकडा बघतो आणि पैसे देतो. हे दोघं जे विचारतात ते आपण विचारत नाही.

काका : माळ्यावर पडून होता, पण वस्तू अस्सल आहे बघ. तांब्याच्या चार नळ्या, वर ॲल्युमिनियमच्या फिन्सचा मनोरा. पंखा गेलाय, तो नवा लावू. धातूला काय झालंय? दहा वर्षांपूर्वी जेवढी उष्णता वाहून न्यायचा तेवढी आजही नेईल.

पुतणी : नेईल, पण बसेल कुठे? हा तुमच्या इंटेलच्या एलजीए ११५० बोर्डावर होता. माझा बोर्ड एएम५चा आहे.

काका : सॉकेटच्या नावाला घाबरू नकोस. इंटेलने २००९ साली ११५६ आणला, मग ११५५, ११५०, ११५१ आणि २०२० साली १२००. पाच नावं झाली. हीटसिंकची चार भोकं मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत ७५ मिमीच्या चौकोनातच राहिली. तुझ्या एएमडीचंही तेच. एएम४मध्ये पिना प्रोसेसरला होत्या, एएम५मध्ये त्या सॉकेटमध्ये गेल्या. एवढा मोठा बदल झाला, तरी भोकांचं अंतर ५४ बाय ९० मिमीच ठेवलं. नाव बदललं म्हणून हीटसिंक भंगारात जात नाही.

पुतणी : मान्य. पण भोकं जुळली म्हणजे बसला, असंही नाही ना. २०२१चा एलजीए १७०० घ्या. त्याची भोकं ७८ मिमीवर गेली. आसूसने काही बोर्डांवर ७५ आणि ७८ अशी दोन्ही भोकं पाडून दिली, आणि लोकांनी खुशीत जुने हीटसिंक लावले. पण त्या सॉकेटमध्ये प्रोसेसरची पाठ आधीपेक्षा साधारण मिलिमीटरभर खाली असते. जुन्या खुंट्यांवर स्क्रू शेवटपर्यंत पिळला तरी तळ हवा तसा दाबला जात नाही. मिलिमीटर म्हणजे काय मोठं, असं वाटतं, पण थर्मल पेस्टचा थर कागदाएवढाही जाड चालत नाही.

काका : तुझ्या बोर्डाचं बोल. या डब्यात एएमडीचंही ब्रॅकेट आहे.

पुतणी : आहे, पण त्यावर एएम२, एएम३ लिहिलंय. त्यांची भोकं ४८ बाय ९६. म्हणजे इथेच अडलं. आणि अंतर जुळलं असतं तरी ही सोबतची बॅकप्लेट बघा. एएम५च्या बोर्डाखालची मूळ बॅकप्लेट काढून टाकता येत नाही, कारण प्रोसेसर दाबून धरणारी लोखंडी चौकट तिच्यावरच आवळलेली असते. तिथे हीटसिंकच्या स्क्रूंनी बोर्डाच्याच प्लेटला धरायला हवं. स्वतःची प्लेट घेऊन येणारा हीटसिंक एएम४वर चालून जायचा. एएम५वर त्याला जागाच नाही.

काका : आणि आकड्यांचा असता तर? जुन्या एएमडी हीटसिंकना दोन बाजूंना आकडे असायचे, प्लॅस्टिकच्या दातांत अडकवायचे.

पुतणी : तर बसला असता. ते दातांचं प्लॅस्टिक एएम५च्या बोर्डासोबत आजही येतं.

या दोघांच्या बोलण्यातून हाताशी काय लागतं ते सांगून पुढे जातो. सॉकेट जुळतं का, या एका प्रश्नाच्या पोटात तीन प्रश्न आहेत: भोकांचं अंतर किती, प्रोसेसरची पाठ बोर्डापासून किती उंच, आणि मागची प्लेट कोणाची. विक्रेता नुसतं ‘सगळ्याला बसतो’ म्हणाला तर डब्यावर आपल्या सॉकेटचं नाव छापलंय का ते बघावं, आणि त्या सॉकेटचे स्क्रू खरोखर आत आहेत का तेही उघडून बघावं. हीटसिंकचं आयुष्य त्या मूठभर ब्रॅकेट-स्क्रूंवर ठरतं. काकांच्या मनोऱ्याला झिजण्याचं कारण नव्हतं, पण बनवणाऱ्याने नव्या सॉकेटसाठी ब्रॅकेट काढलं नाही म्हणून तो माळ्यावर गेला. याच्या उलट ऑस्ट्रियाची नॉक्टुआ जुन्या हीटसिंकसाठी नव्या सॉकेटचं किट खरेदीची पावती दाखवल्यावर फुकट पाठवते. तिच्या जादा किमतीतला काही भाग हा त्या पुढच्या किटचा असतो, आणि मला तो रास्त वाटतो.

पुतणी : म्हणून म्हणते, आधी डब्यातलाच लावून बघू. प्रोसेसरला बायॉसमध्ये वॉटची मर्यादा घालते. ७६००वर ६५ वॉट लिहिलंय, पण पूर्ण जोरात तो ८८ वॉटपर्यंत खेचतो. मर्यादा ६१वर आणली की फाइल तयार व्हायला थोडा जास्त वेळ लागेल, पण निम्मा वेग काही जात नाही. शेवटचा थोडासा वेग मिळवायला व्होल्टेज चढवावं लागतं, आणि वॉट त्या व्होल्टेजच्या वर्गाने वाढतात, हे तुम्हीच शिकवलंत.

काका : शिकवलं, आणि ते बरोबरच आहे. पण हा रेथ स्टेल्थ हातात घेऊन बघ. नुसता ॲल्युमिनियमचा गोळा, तांब्याची एक नळी नाही. क्षेत्रफळ कमी असलं की ती कसर पंख्याला वेगाने भरून काढावी लागते. आवाज वेगाबरोबर कसा वाढतो माहीत आहे? वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, आवाज मात्र पंधरा डेसिबलच्या आसपास उतरतो. दहा उतरले तरी कानाला निम्मा वाटतो. आणि सारखे दोन पंखे शेजारी लावले तर वाढतात फक्त तीन. म्हणून मोठा धातू आणि सावकाश फिरणारा मोठा पंखा. दुसरा सरळ मार्ग मला तरी ठाऊक नाही.

पुतणी : सगळे मोठे हीटसिंक सावकाश हवेसाठी केलेले नसतात. फिन्स दाट असल्या की मंद हवा त्यांच्यात शिरतच नाही.

काका : बरोबर. फिन्स मोजून खूश व्हायचं नाही, त्यांच्यामधली फट बघायची. आपल्याकडची धूळ दाट फिन्समध्ये आधी बसते.

आता नागपूरचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते साऱ्या वादाचा कणा हाच आहे. हीटसिंकच्या परीक्षणांत दिलेली तापमानं बहुधा वीस-पंचवीस अंशांच्या खोलीतली असतात. हीटसिंक हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. खोली जितकी वर तितकं सगळंच वर. विदर्भातल्या मे महिन्यात खिडकीला कूलर असतो आणि खोली कशीबशी निभावते. पण मुलगी वाचायला बसते तेव्हा कूलर बंद, छताचा पंखा बंद, दार-खिडकी बंद. म्हणजे संगणकाने गप्प राहावं अशी गरज ज्या तासाला सर्वांत जास्त, त्याच तासाला खोली तापत जाते.

काका : अडतीस अंश धर खोलीला. स्टेल्थसारख्या छोट्या हीटसिंकला प्रत्येक वॉटमागे पाऊण अंश चढतो असं धरून चाल. ६१ वॉटला ४६ अंश. झाले ८४, तेही पंखा ओरडत असताना. कॅबिनेटच्या आतली हवा खोलीपेक्षा गरम असते ती वेगळीच.

पुतणी : आणि तुमचा मोठा मनोरा?

काका : मंद पंख्यावर अर्धा अंश धर. ८८ वॉटला ४४. एकूण ८२. तुझी मर्यादा न घालता.

पुतणी : आणि मर्यादा घालून तीस-एकतीस. एकूण ६९. म्हणजे बायॉसमधले ते सत्तावीस वॉट काढले की मी २४-२५ अंशांच्या खोलीत बसल्यासारखं झालं. एसी न लावता! काका, हा हिशेब माझ्या बाजूचा आहे.

काका : माझ्या मनोऱ्यावर उभी राहून करते आहेस तो.

पुतणी : बरं. पण आपण दोघंही चुकीच्या आकड्यावर भांडतोय. वाचन रेकॉर्ड होत असताना प्रोसेसर सहसा पूर्ण जोरात नसतो. फार तर तीस-पस्तीस वॉट. पूर्ण जोर लागतो तो नंतर, आवाज स्वच्छ करताना आणि फाइल बनवताना. तेव्हा पंखा किंचाळला तरी मी स्वयंपाकघरात असते.

काका : मग पस्तीसवर कर हिशेब. छोट्यावर अडतीस अधिक सव्वीस, चौसष्ट. मोठ्यावर अडतीस अधिक साडेसतरा, पंचावन्न. आता सांग, बोर्ड पंखा कधी वाढवायला लागतो?

पुतणी : बहुतेक बोर्ड आपणहून साठच्या अलीकडे-पलीकडे चढण सुरू करतात.

काका : मग झालं. मे महिन्यातल्या त्या तासाला छोटा पंखा जागा होणार, मोठा झोपून राहणार. तुला नऊ अंश विकत घ्यायचे आहेत. बाकी काही नाही.

या ठिकाणी मी काकांच्या बाजूचा आहे. इतर कुठल्याही घरात पुतणीचा मार्ग पुरला असता. खोलीत एसी असता किंवा माईक नसता तर डब्यातला हीटसिंक आणि वॉटची मर्यादा एवढ्यावर मी तिला थांबायला सांगितलं असतं. पण पुढचा मुद्दा तिचा आहे, आणि तो काकांच्या शास्त्रात बसत नव्हता.

पुतणी : नुसता कमी आवाज मला पुरत नाही. एकसारखा आवाज हवा. ऑडिओबुकवाले अनेक जण एसीएक्सचा मापदंड धरतात: वाक्यांमधली शांतता उणे साठ डेसिबलच्या खाली. मंद, सलग सळसळ असेल तर ती त्याखाली ठेवता येते, नंतर पुसताही येते. पण पंखा मध्येच चढला आणि उतरला की ते पुसता येत नाही, प्रत्येक वाक्याच्या शेपटीला वेगळी शांतता लागते. शिवाय नऊ पात्यांचा पंखा मिनिटाला हजार फेरे घेत असला की दीडशे हर्ट्झला एक सूर धरतो. माणसाचा आवाज तिथेच कुठेतरी सुरू होतो.

काका : पण चढेल का तो? पस्तीसच वॉट आहेत म्हणालीस.

पुतणी : सरासरी. मी मागचा परिच्छेद ऐकायला फाइल उघडली की प्रोसेसर क्षणभर उसळतो. तापमान पन्नासवरून सत्तरवर, एका सेकंदात. बोर्ड घाबरून पंखा वाढवतो. तोवर तापमान खाली आलेलं असतं. मग पंखाही उतरतो. दिवसभर हेच.

काका : एका सेकंदात वीस अंश? आणि हीटसिंक?

पुतणी : हात लावून बघा, कोमटसुद्धा नसतो.

काका : थांब, हिशेब करू. सातशे ग्रॅम ॲल्युमिनियम धर. एक ग्रॅम एक अंश तापायला पॉइंट नऊ ज्यूल लागतात. सगळ्या गोळ्याला एका अंशाला सहाशे तीस. तुझ्या उसळीत पन्नास वॉट जादा, तीस सेकंद. पंधराशे ज्यूल. म्हणजे हीटसिंक चढेल जेमतेम अडीच अंश. मग ती वीस अंशांची उडी हीटसिंकमध्ये नाहीच, प्रोसेसरच्या आत आहे. त्या उडीला पंखा वाढवून उपयोग काय? हवा तर फिन्सना लागते.

पुतणी : तेच. एएम५मध्ये तर जास्तच. एएम४चे हीटसिंक बसावेत म्हणून उंची तीच ठेवली, आणि ती भरून काढायला प्रोसेसरवरचं झाकण जाड केलं. उष्णतेला आधी त्या झाकणातून वर यावं लागतं. खालची मुख्य चिपही मध्यभागी नाही, एका कडेला आहे. म्हणून नॉक्टुआने हीटसिंक ७ मिमी सरकवून बसवायच्या पट्ट्या काढल्या.

काका : म्हणजे सॉकेट जुळवायची किंमत तापमानात मोजली.

पुतणी : आणि म्हणून एका मर्यादेपुढे धातू वाढवून काही मिळत नाही. अडथळा झाकणाखाली आहे. तुम्ही एक किलोचा आणा नाहीतर दीड किलोचा.

काका यावर बराच वेळ गप्प होते, आणि ते योग्यच होतं. त्यांच्या कामात ट्रान्झिस्टर थेट हीटसिंकला आवळलेला असे, तापमापी हीटसिंकवरच. संगणकात तापमापी चिपच्या पोटात आहे, म्हणून बोर्ड नको त्या उडीला उत्तर देत बसतो. उपाय फुकटचा आहे. बायॉसमध्ये पंख्याची रेषा सत्तर अंशांपर्यंत सपाट ठेवायची आणि वाढ-घट उशिरा व्हावी अशी सोय असेल तर काही सेकंदांचा उशीर घालायचा. पण ही सपाट रेषा परवडते ती हीटसिंक पोटात उष्णता घेऊ शकतो म्हणूनच. छोट्या गोळ्यावर तीच रेषा ठेवली तर अडतीस अंशांच्या खोलीत तो हळूहळू चढत सत्तर ओलांडतो.

काका : मग पंखाच नको. नॉक्टुआचा एनएच-पी१ आहे, २०२१चा. किलोच्या वर वजन, पंखा नाही.

पुतणी : कॅबिनेटमध्ये हवा आपोआप वर जाऊन बाहेर पडायला हवी त्याला, आणि खोली माझी बंद. चारशे-पाचशे फेऱ्यांचा १२० मिमीचा पंखा माईकला ऐकू येत नाही, आणि न-पंख्यापेक्षा कितीतरी जास्त उष्णता नेतो. शून्य आवाजाच्या हट्टापायी मला तो नको.

काका : वॉटर कूलिंगचं तर मी नावच घेत नाही. पंप अखंड चालू, त्याचा बारीक सूर.

पुतणी : मीही नाही. आणि संगणक शेजारच्या खोलीत ठेवायचा म्हणाल तर भिंत घरमालकाची आहे, भोक पाडू देत नाही.

उरलं ते निवडणं. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात हीटसिंकची कमाल उंची १६० मिमी दिली आहे. तिथेच नॉक्टुआचा एनएच-डी१५ बाद झाला, तो १६५ आहे. एनएच-यू१२एस १५८ला कसाबसा आत येतो. थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई १५५, डीपकूलचा एके४०० तेवढाच. थर्मलराइटचा दोन मनोऱ्यांचा, सहा नळ्यांचा, दोन पंख्यांचा, आणि नॉक्टुआच्या मोठ्या हीटसिंकच्या पैशात असे दोन येतात. एके४०० चार नळ्यांचा, एका मनोऱ्याचा.

काका : दोन मनोऱ्यांचा घे.

पुतणी : रॅम बघा ना. माझ्या रॅमवर उंच पत्र्याची टोपी आहे. पुढचा पंखा तिच्यावर येणार. तो वर सरकवला की एकूण उंची वाढणार, आणि कॅबिनेटची काच लागणार नाही.

काका : पुढचा पंखा काढून टाक. मधला एकच ठेव.

पुतणी : चालेल?

काका : साठ वॉटला? मनोऱ्यांच्या मधला पंखा दोघांनाही हवा देतो. काढलेला पंखा कॅबिनेटच्या पाठीला लाव, बाहेर फेकायला. आत येणारी हवा थंड असली तर तुझे दोन अंश तिथेच वाचतील. पुढच्या जाळीची धूळ मात्र महिन्याला झटक.

पुतणी : आणि वॉटची मर्यादा ६१वरच राहील.

काका : काही गरज नाही. एवढा धातू आणून प्रोसेसरला बांधून का ठेवायचं? ८८वर सोड.

पुतणी : कधीकधी एक पुस्तक वाचत असतानाच मागे दुसऱ्याची फाइल बनत असते, तेव्हा ८८ वॉट माझ्याच खोलीत सांडतात. हीटसिंक उष्णता खातो का? कॅबिनेटमधून काढून माझ्या अंगावर टाकतो. बंद खोलीत तासाभराने मीच घामाघूम होते.

काका : हं. हे मी धरलं नव्हतं.

पुतणी : मग?

काका : मग मोजू. डिसेंबरात नाही, मे महिन्यात, दुपारी तीनला. कूलर बंद, दार बंद. मागे फाइल बनायला लाव आणि माईकसमोर कोणी न बोलता पाऊण तास रेकॉर्ड कर. एकदा ८८वर, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ६१वर. भिंतीला साधा थर्मामीटर टांग. शेवटच्या पाच मिनिटांतली शांतता किती डेसिबल आहे आणि खोली किती अंशांवर गेली, दोन्ही लिहून ठेव.

पुतणी : आणि दोन्ही दिवशी शांतता उणे साठच्या खालीच आली तर?

काका : तर थर्मामीटरचं ऐकायचं. तोवर बायॉसमध्ये दोन प्रोफाइल करून ठेव, आणि पेस्ट आणायला विसरू नको, डब्यातली पुडी एकदाच पुरते.